आमदाराचं निधन झालं की सहा महिन्यांत पोटनिवडणूक लागतेच का?

करवीर:
जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते म्हणतात. मग पुणे लोकसभेची जागा वर्षभर रिकामी कशी राहिली? ग्रामपंचायतीलाही हाच नियम लागतो का?

पंचगंगा:
लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१ अ. सहा महिने जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून. कोल्हापूर उत्तरला चंद्रकांत जाधव यांचं निधन २ डिसेंबर २०२१ ला झालं, मतदान १२ एप्रिल २०२२ ला, म्हणजे मुदतीत. पण अपवाद दोन आहेत: उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असणं, किंवा या काळात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित करणं. पुण्यात गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले, मुदत जून २०२४ पर्यंत होती, त्यामुळे पहिला अपवाद बसत नव्हता. आयोगाने दुसरा वापरला. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लगेच निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. लाखो मतदारांना खासदार नाही, ही गोष्ट 'अवघड' या एका शब्दावर सोडून देणं मला तरी पटत नाही.

रंकाळा:
एक वर्ष कुठून मोजायचं, यावरही भांडण आहे. अकोला पश्चिमची जागा ३ नोव्हेंबर २०२३ ला रिकामी झाली, विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत. त्या तारखेपासून मोजलं तर वर्षाहून थोडं जास्त. पण निकाल ४ जूनला लागणार होता, म्हणजे नव्या आमदाराला सहा महिनेही मिळत नव्हते. नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती पोटनिवडणूक रद्द केली.

गगनबावडा:
ग्रामपंचायतीला १५१ अ लागू नाही. तिथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ आणि राज्य निवडणूक आयोग. रिक्त पदाची सूचना जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, म्हणून ती गेली का हे आधी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात विचारा. प्रभागाचं आरक्षण तेच राहतं, निवडून येणाऱ्याला उरलेलीच मुदत मिळते. थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या जागी सगळं गाव मतदान करतं, उपसरपंच मात्र सदस्यच निवडतात.

लोक घोळ घालतात तो मतदार यादीत. प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीतून फोडतात. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर हरकत घेऊन ते प्रभागात चढत नाही. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव तेवढं हरकतीच्या मुदतीत दुरुस्त होतं. म्हणून नमुना ६ (मतदार यादीत नवं नाव घालण्याचा अर्ज) आधीच भरून ठेवा, कार्यक्रम लागल्यावर नव्हे.