फाईल कपाटात आणि पाणी कोठ्यात

वर एका भाऊंनी लिहिलंय की प्रत्येक ग्रामपंचायतीत आपत्ती आराखडा असला की काम भागते. अहो भाऊ, आराखडा आमच्याकडंही होता, कपाटात, अन् कपाटाची चावी तालुक्याला राहणाऱ्या माणसाकडं 😀

2020 च्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं अन् आमची वैनगंगा नदी फुगली. आमच्याकडं पाऊस जवळपास उघडलेला, त्यामुळं पूर येईन असं कोणाले वाटलंच नाही, वरच्या धरणाचा विसर्ग पाहाचा असते हे तेव्हा समजलं. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होते पण लाईन गेली, टॉवर बंद, मोबाईल नुसता टॉर्च. रात्री कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, गुडघाभर पाणी, दावं भिजून गाठ आवळलेली, सुटेचना, शेवटी विळ्यानं कापलं तेव्हा बैल निघाले. कामी आला देवळातला बॅटरीवरचा भोंगा अन् ढिवर म्हणजे मासेमार मोहल्ल्यातले डोंगे, लहान नावा.

आता आम्ही शाळेच्या भिंतीवर पेंटनंच लिहून टाकलं, डोंगा कोणाकडं, ट्रॅक्टर कोणाकडं, शाळेची चावी कोणाकडं, अंथरुणावरचे म्हातारे कोणत्या घरी, अन् खाली 1077, म्हणजे जिल्ह्याचा कंट्रोल रूम. आखाडी झाली की एकदा सगळ्या नंबरावर फोन लावून पाहतो, दरवर्षी दोन-तीन तरी बंदच निघतात. वीज पडायच्या आधी इशारा देणारं दामिनी ॲप पोरांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलंय, पण धानाच्या रोवण्याच्या वेळी मोबाईल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डब्याच्या पिशवीत असते, तिथं वाजून काय उपयोग? त्याच्यावर कोणी काही जमवलं असन तर सांगा बाप्पा.