नोट्ससाठी एकच ॲप निवडायचं आहे: केमिस्ट्री, गणित आणि इतिहास, हाताशी फोन आणि जुना लॅपटॉप

पहिला_बाक

कॉलेज सुरू होऊन तीनच आठवडे झालेत आणि माझ्या नोट्स आत्ताच चार ठिकाणी पांगल्यात. गणिताच्या नोशनमध्ये, कारण वर्गात बरेच जण तेच वापरतात. इतिहासाच्या गूगल कीपमध्ये, कारण फोनवर पटकन टाइप होतं. केमिस्ट्रीच्या फळ्याचे फोटो गॅलरीत, घरच्या फोटोंमध्ये मिसळलेले. उरलेलं वहीत. काल सरांनी विचारलं, मागच्या तासाला कुठे थांबलो होतो, आणि मी चारही ठिकाणी शोधत राहिले. सापडेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

फोन आहे आणि ताईचा जुना लॅपटॉप आहे. टॅबलेट नाही, इतक्यात येणारही नाही. पैसे भरावे लागू नयेत अशी इच्छा आहे. पदवी होईपर्यंत पुरेल असं ॲप कोणतं? तुलनेचे व्हिडिओ खूप पाहिले, प्रत्येकात पहिला नंबर वेगळाच.

शाईचा_डाग

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री. तुझा प्रश्न मी अगदी पोटतिडकीने वाचला, कारण पहिल्या वर्षी मीही इथेच अडकलो होतो.

ॲपचं नाव जरा बाजूला ठेव. तिन्ही विषयांची दोन-दोन पानं समोर घे आणि बघ, अक्षरं किती आहेत आणि बाण, आकृत्या, समीकरणं किती. इतिहासाचं पान कोणत्याही ॲपमध्ये मावेल. केमिस्ट्रीचं मावणार नाही.

मी तेव्हा हट्टाने सगळं टाइप करायचो. एसएन२ अभिक्रियेची (यात एक गट आत येतो आणि त्याच वेळी दुसरा बाहेर पडतो) माझी नोट अशी होती: 'हायड्रॉक्साइड मागच्या बाजूने येतो, ब्रोमाइड निघून जातो, रचना उलटते.' वाक्य बरोबर आहे. पण परीक्षेत काढायचे असतात दोन वक्र बाण, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे. एक ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघून कार्बनपर्यंत जातो. दुसरा कार्बन आणि ब्रोमीनमधल्या बंधापासून निघून ब्रोमीनवर जातो. बाणाचं शेपूट कुठे टेकतं, त्यालाच मार्क असतात. माझ्या नोटमध्ये बाण नव्हतेच. महिन्याभराने उजळणी करताना मी दुसऱ्या बाणाचं शेपूट बंधाऐवजी थेट कार्बनवर ठेवलं, तसंच पाठ केलं आणि पेपरात तसंच काढलं. त्या दिवसापासून मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया कशी घडते त्या पायऱ्या, मी फक्त हाताने लिहितो.

टॅबलेट नाही म्हणून अडत नाही. केमिस्ट्री आणि गणित कोऱ्या कागदावर लिही, त्याच संध्याकाळी फोनने स्कॅन कर आणि ॲपमध्ये त्या तासाच्या पानावर टाक. त्या पानावर दोन ओळी मात्र टाइप केलेल्या हव्यात: तारीख, आणि तू शोधताना वापरशील ते शब्द. 'एसएन२, मागून हल्ला, रचना उलटणे' एवढं पुरे. हे शब्द नसतील तर त्या फोटोची गत गॅलरीतल्या फोटोंसारखीच होईल.

आता ॲप. तुझ्या परिस्थितीत मी वननोट घेईन. मोफत आहे, फोनवर आणि लॅपटॉपवर चालतं, पानावर कुठेही फोटो ठेवून त्याच्या शेजारी लिहिता येतं. सोबत मिळणारी मोफत जागा ५ जीबी आहे, त्यामुळे स्कॅन करताना रंग काढून काळंपांढरं ठेव. लेक्चरचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर सरांना आधी विचार. लॅपटॉपवरच्या वननोटमध्ये तू लिहिलेली ओळ आणि त्या क्षणीचा आवाज जोडलेला राहतो, चाळीस मिनिटं पुन्हा ऐकावी लागत नाहीत.

नोशन वाईट नाही. ग्रुप प्रोजेक्ट, सबमिशनच्या तारखा, वाचायच्या पुस्तकांची यादी, यासाठी उत्तम आहे. पण त्यात हाताने काढता येत नाही, आणि पानं सजवण्यात माझी अख्खी दुपार गेलेली आहे. कीप चिठ्ठ्यांसाठी ठेव. एव्हरनोटच्या मोफत खात्यावर २०२३ च्या अखेरीस ५० नोट्स आणि एका नोटबुकची मर्यादा आली. एका सेमिस्टरलाही ते पुरणार नाही.

खिडकीजवळ

मी इतिहास आणि राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून थोडं वेगळं मत. माझ्याकडे सगळी अक्षरंच आहेत आणि मी ऑब्सिडियन वापरते. नोट्स आपल्याच लॅपटॉपवर साध्या मजकूर फाइल म्हणून राहतात, इंटरनेट नसलं तरी उघडतात. एका नोटमधून दुसरीला दुवा देता येतो. 'व्हर्सायचा तह, १९१९' या नोटला माझ्या तीन वेगवेगळ्या पेपरांच्या नोट्स जोडलेल्या आहेत आणि प्रश्न लिहिताना त्या एकदम समोर येतात.

लॅपटॉपवर सरांचं वाक्यन् वाक्य उतरवायचा मोह होतो, तो टाळ. २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की टाइप करणारे विद्यार्थी जास्त शब्दशः लिहितात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत मागे पडतात. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तितका ठळक आला नाही. म्हणून टाइप करणं सोडू नकोस. मी आधी ऐकते, मग स्वतःच्या शब्दांत लिहिते. ओळी निम्म्या होतात, पण त्या माझ्या असतात.

पहिला_बाक

दोघांचेही खूप आभार. पानं काढून बघितली. केमिस्ट्रीच्या सहा पानांत सलग वाक्यं फक्त नऊ निघाली! दादा, एकच शंका. सगळं वननोटमध्ये घातलं आणि उद्या ते बंद झालं किंवा पैसे मागायला लागलं तर? आणि खातं कॉलेजच्या ईमेलवर काढू का? त्यावर बऱ्याच ॲपमध्ये सवलत मिळते म्हणतात.

शाईचा_डाग

ईमेलचं नीट ऐक, कारण यात माझं मोठं नुकसान झालं आहे. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोट्स मी कॉलेजच्या ईमेलने काढलेल्या खात्यात ठेवल्या होत्या. निकाल लागला, काही महिन्यांनी तो ईमेल बंद झाला. पुढे फोन बदलला, ॲपने पासवर्ड विचारला, आणि नवा पासवर्ड करायचा दुवा गेला त्या बंद झालेल्या ईमेलवर. स्पेक्ट्रोस्कोपीच्या सगळ्या नोट्स तिथेच राहिल्या. एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला त्याच विषयासाठी मी पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. तेव्हा खातं स्वतःच्या ईमेलवरच काढ. सवलतीसाठी कॉलेजचा ईमेल लागलाच, तर त्या खात्यात फक्त अशा गोष्टी ठेव ज्या गेल्या तरी चालतील.

ॲप बंद पडण्याची भीती अनाठायी नाही. गूगल नोटबुक नावाची एक सेवा २००६ मध्ये आली आणि २०१२ मध्ये गुंडाळली गेली. विंडोज १० साठीचं वेगळं वननोट होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नेहमीचं डेस्कटॉप वननोट चालूच आहे. ताईच्या लॅपटॉपवर नेमकं कोणतं आहे ते आजच तपास.

पहिल्याच आठवड्यात, अजून दहाच पानं असताना, ती बाहेर काढून बघ. लॅपटॉपवरच्या वननोटमधून अख्खा सेक्शन पीडीएफ म्हणून निघतो. तो काढ, दुसऱ्या ठिकाणी उघड, फोटो आणि समीकरणं जागच्या जागी आहेत का ते डोळ्यांनी पाहा. मग प्रत्येक युनिट संपलं की तेवढंच करायचं आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकायची. मला दहा मिनिटं लागतात.

हे जाचक वाटलं तर जॉप्लिन बघ. मुक्तस्रोत आहे, मोफत आहे, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमधून फोन आणि लॅपटॉप जुळवून घेतं, आणि नोट्स साध्या मजकुरात बाहेर येतात. दिसायला रुक्ष, पण माझ्या इतिहासवाल्या मित्राचं त्यावर छान चाललंय.

पहिला_बाक

नेहमीचं डेस्कटॉप वननोटच निघालं, तपासलं. खातं स्वतःच्या ईमेलवर काढलं. कालचं केमिस्ट्रीचं पान स्कॅन करून टाकलं, खाली 'मार्कोव्हनिकोव्ह, दुहेरी बंध, हायड्रोजन कुठे' असं लिहिलं. आज तासाला सरांनी तेच विचारलं आणि 'दुहेरी बंध' टाकल्याबरोबर फोनवर पान आलं. आता गॅलरीतले मागचे एकवीस फोटो राहिलेत. ते रविवारी.

शाईचा_डाग

रविवारपर्यंत थांबू नकोस, रोज पाच घे. फळ्यावरचं कशाच्या संदर्भात होतं ते अजून आठवतंय, तोवरच त्यांच्याखाली शब्द लिहिता येतील.