मुलगा मनगटाला चावतो; मूल्यमापन कुठून सुरू करावं?

विशेष शिक्षिका, सोलापूर
वय १४, मध्यम बौद्धिक अक्षमता, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. महिनाभरापासून स्वतःच्या मनगटाला चावतो, जेवणाचं ताट भिरकावतो. घरी तेलुगू, शाळेत मराठी. घरचे म्हणतात हट्ट आहे, गोळी वाढवून घेऊ. बेसिक-एमआर (बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचं वर्तन मोजायची भारतीय श्रेणी) मधला भाग ब, म्हणजे समस्या-वर्तनांची यादी, भरून झालाय. पुढे काय?

मानसशास्त्रज्ञ
मॅडम, भाग ब मधल्या ७५ बाबींना ०, १, २ गुण देऊन वर्तन कोणतं आणि किती ते कळतं. का, ते कळत नाही. तीन महिन्यांनी तुलना करायला तो जपून ठेवा.

चावणं आणि ताट फेकणं यांची नोंद वेगवेगळी ठेवा. ‘आक्रमक होतो’ लिहू नका. ‘मनगटावर दात रुतवतो, वळ उठतो’ असं लिहा, म्हणजे तुम्ही आणि आई एकच गोष्ट मोजाल. चार रकाने आखा: वेळ व जागा, लगेच आधी काय घडलं, त्यानं काय केलं, लगेच नंतर इतरांनी काय केलं. नोंद अशी हवी: ‘११.१०, वर्ग. मणी ओवताना "अजून पाच" म्हटलं. चावला. मणी उचलून ठेवले.’

चौथा रकाना सर्वांत जास्त बिघडतो. तिथं लोक ‘समजावलं’ लिहून मोकळे होतात. समजावताना काम थांबलं का? कुणी जवळ बसलं का? खाऊ मिळाला का? उत्तर तिथंच दडलेलं असतं. दोन आठवडे लिहा, शांत गेलेले तासही लिहा. नाहीतर वाईट वेळेची तुलना कशाशी करणार?

बालरोगतज्ज्ञ
त्याआधी शरीर तपासा. वागणं महिनाभरात नव्यानं बदललंय, म्हणून मी दुखणं आधी शोधीन. ताट जेवतानाच फेकतो ना? मग दाढ, हिरड्या, तोंडातले छाले बघा. कान, बद्धकोष्ठता, पित्त, झोप हेही पाहा. शौचाची रोजची नोंद आईला ठेवायला सांगा. फिटची गोळी चालू असेल तर लेव्हेटिरासिटॅम आणि फिनोबार्बिटोननं काही मुलं फार चिडचिडी होतात. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, फिट येतील. आणि नोंदी चालू असताना डोस बदललाच, तर ती तारीख तक्त्यात टाका.

विशेष शिक्षक, सोलापूरचा पूर्व भाग
ताई, ‘आधी’च्या रकान्यात सूचना कोणत्या भाषेत दिली तेही लिहा. तीच सूचना आईकडून तेलुगूत, हातानं दाखवून दिल्यावर तो करतो का? करत असेल तर हट्ट कसला, त्याला सूचना कळतच नव्हती. घराला लागून यंत्रमाग असतील तर त्यांचा आवाज चालू-बंद असल्याच्या वेळाही लिहा.

जोडीला प्रेरणा मूल्यमापन श्रेणी (MAS, मूल तसं कशासाठी वागतं ते शोधणारी प्रश्नावली) भरा. १६ प्रश्न, प्रत्येकी ० ते ६ गुण. संवेदना (त्या कृतीनं शरीराला जाणवणारं), सुटका (नको असलेल्या कामातून), लक्ष वेधणं आणि वस्तू (मिळवणं) हे चार गट. तुम्ही वेगळी, आईनं वेगळी, प्रत्येक वर्तनासाठी स्वतंत्र. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. शाळेत सुटकेसाठी आणि घरी मोबाईलसाठी, असं एकच वर्तन दोन कामं करू शकतं.

विशेष शिक्षिका, सोलापूर
कारण खात्रीनं कळावं म्हणून मुद्दाम अवघड काम देऊन बघू का?

मानसशास्त्रज्ञ
नको. स्वतःला इजा करणाऱ्या मुलावर तशी चाचणी प्रशिक्षित माणसानं, थांबवण्याचे नियम आधी ठरवूनच करावी. नोंदीत सुटका दिसली तर ‘थांब’चं चित्रकार्ड शिकवा, आणि कार्ड दाखवताच लगेच दोन मिनिटं सुट्टी द्या. कार्ड हाती देण्याआधी चावल्यावर मिळणारी सुट्टी बंद केलीत तर चावणं सुरुवातीला आणखी वाढेल.