पॅप नॉर्मल, एचपीव्ही निगेटिव्ह, तरी कॅन्सर? ब्लॉक मुंबईला दाखवायचेत, मदत हवी आहे

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी आत्या, वय ५१, तासगावजवळ राहते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. वर्षभर तिच्या अंगावरून जातंय, पण पांढरं नाही, निव्वळ पाणी. वास नाही, खाज नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या दिवसातून चार-पाच वेळा बदलायची आणि द्राक्षाच्या विरळणीला जायची. घरात कुणाला पत्ता नाही. परड्यात वाळत घातलेले तुकडे बघून मलाच शंका आली.

मिरजेत दाखवलं. पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल, एचपीव्ही (तिथल्या कॅन्सरचा नेहमीचा विषाणू) निगेटिव्ह, म्हणून नुसत्या गोळ्या. सहा महिने त्यातच गेले. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं तोंड फुगलेलं, आत पाण्याच्या गाठी. बायोप्सीत आलं : 'अ‍ॅडेनोकार्सिनोमा, गॅस्ट्रिक टाइपची शक्यता, आयएचसी करावे'. म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, आणि आयएचसी ही पेशींमधली प्रथिनं रंगवून बघायची तपासणी. गॅस्ट्रिक वाचून मी पोटाचाच समजले! पेशी जठराच्या अस्तरासारख्या दिसतात म्हणून ते नाव, असं बाईंनी समजावलं.

काका म्हणतात, पिशवी काढून टाका, विषय संपला. मला ते पटत नाहीये. ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात ते) परळला टाटामध्ये दाखवायचे तर लॅबकडे काय मागायचं?

प्रतिसाद :
ताई, काकांना थांबवा. साधं पिशवीचं ऑपरेशन आधी झालं आणि नंतर कॅन्सर पक्का ठरला, तर पुढचे उपचार अवघड होतात. आधी निदान, मग ओटीपोटाचा एमआरआय, मग ऑपरेशनचं बोलणं.

हा प्रकार एचपीव्हीमुळे होत नाही. २०२०च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तो वेगळाच धरलाय. गाठ बहुधा गर्भाशयाच्या तोंडाच्या नळीत वर असते, त्यामुळे पॅपमध्ये बरेचदा हुकते. आयएचसीत पी-१६ (एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) बहुधा निगेटिव्ह येतं. तुकडा वरवरचा असेल तर खोल, म्हणजे कोन बायोप्सी लागू शकते.

लॅबला लेखी अर्ज द्या. पॅराफिन ब्लॉक, स्लाइड आणि मूळ रिपोर्ट, तिन्ही मागा. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात गाडीत ठेवू नका.

एक विचारू? आत्याच्या ओठांवर किंवा गालाच्या आत लहानपणापासून काळे ठिपके आहेत का? प्यूट्झ-जेघर्स नावाच्या आनुवंशिक आजारात हा कॅन्सर जास्त दिसतो. डॉक्टरांना जरूर सांगा.

धागाकर्ती :
दादा, खूप आभार. ओठ स्वच्छ आहेत. गालाच्या आतून आज रात्री बॅटरी लावून बघते. अर्ज उद्याच देते. ब्लॉक हातात आले की महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघू.