मदत हवी आहे: "आई, यात प्लस की मायनस?" (दुसरीतल्या मुलाची शाब्दिक उदाहरणं)

ऐरोलीकर_आई

नमस्कार मंडळी. पाढे आणि अबॅकसवरचे जुने धागे वाचून झाले, पण मला हवं ते त्यात मिळालं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

चिरंजीव दुसरीत, इंग्रजी माध्यम. नुसते आकडे मांडून दिले तर हातच्याची बेरीज, उसनं घेऊन वजाबाकी, सगळं बिनचूक. तेच दोन ओळींच्या गोष्टीत घालून दिलं की गाडी अडलीच. कारण तो गोष्ट वाचतच नाही. पेन्सिलीने दोन आकड्यांना गोल करतो आणि विचारतो, "आई, यात प्लस की मायनस?" मी गप्प बसले तर अंदाजाने प्लस लिहून माझ्या तोंडाकडे बघतो. माझी भुवई जरा हलली की लगेच खोडरबर. थोडक्यात, गणित माझ्या चेहऱ्यावरून सुटतंय.

कालचंच उदाहरण देते, मराठीत करून:

"रियाकडे १२ स्टिकर आहेत. तिच्याकडे कबीरपेक्षा ५ स्टिकर जास्त आहेत. तर कबीरकडे किती?"

उत्तर आलं १७. का, तर "मोअर आलंय ना!" ट्यूशनच्या बाईंनी एक तक्ता दिलाय, तो त्याला तोंडपाठ आहे. टोटल, ऑलटुगेदर, मोअर दिसलं की बेरीज. लेफ्ट, लेस, गेव्ह अवे दिसलं की वजाबाकी. मी म्हटलं, अरे, जास्त रियाकडे आहेत ना, मग कबीरकडे १७ कुठून आले? त्यावर "पण मोअर म्हणजे प्लसच असतं." विषय संपला.

इंग्रजीमुळे अडत असेल म्हणून तोंडी मराठीत विचारून पाहिलं. फरक पडतो, नाही असं नाही. कोणी काही दिलं, खाल्लं, हरवलं असेल तर पटकन सांगतो. "कितीने जास्त" आलं की तिथेही तेच. सासूबाई म्हणतात वयाप्रमाणे येईल, नवरा म्हणतो रोज दहा सोडवून घे. ऑफिसातून घरी पोचायला मला साडेसात होतात, त्यानंतर दहा सोडवून घेणं म्हणजे दोघांचीही रडारड.

तर जाणकारांनी सांगा, तो तक्ता फाडून टाकू का? शाळेतही साधारण तसंच शिकवतात, त्यामुळे मुलगा गोंधळेल अशी भीती वाटते. आणि "कितीने जास्त, कितीने कमी" हे नेमकं शिकवायचं कसं? कृपया क्लास सुचवू नका. आगाऊ धन्यवाद.

पोहे_विथ_शेव

तुमच्या मिस्टरांशी सहमत. आमच्या वेळी बाबा रोज पाटीवर दहा गणितं घालायचे, न जमलं तर धपाटा. सरावाला पर्याय नाही. सरावाने आपोआप कळतं कुठे काय करायचं ते.

खडूफळा

ताई, तक्ता काढाच. मुलात काही कमी नाही. त्याला नियम दिला, त्याने तो इमानदारीने पाळला. नियमच खोटा आहे. (ठाण्यात पालिकेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्या हक्काने बोलतोय.)

बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणं एका जातीची नसतात. काहींत गोष्ट घडते: होते, आले, गेले, उरले. ही मुलांना सोपी, कारण डोळ्यासमोर काहीतरी हलतं. तुमच्या मुलाला तीच जमतात. काहींत दोन भाग मिळून एक पूर्ण होतो, म्हणजे वर्गात मुलगे इतके, मुली इतक्या. आणि तिसरी जात तुलनेची. तिच्यात काहीच घडत नाही. रियाचे स्टिकर रियाकडे, कबीरचे कबीरकडे. मग ते "५" नेमके कुठे आहेत? ते वेगळे काढून दाखवता येत नाहीत, म्हणून मूल गडबडतं.

यावर हडसन नावाच्या संशोधकाचा १९८३ सालचा एक प्रयोग मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगायचो. चित्रात काही पक्षी आणि त्याहून कमी अळ्या. "पक्षी अळ्यांपेक्षा कितीने जास्त?" असं विचारलं तर बालवाडीच्या वयाच्या सुमारे १७ टक्केच मुलांना जमलं. त्याच वयाच्या मुलांना विचारलं, "सगळे पक्षी अळी पकडायला धावले आणि प्रत्येकाने एकेक पकडायचा प्रयत्न केला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?" आता ८३ टक्के बरोबर! चित्र तसंच, गणित तेच. फक्त प्रश्न असा की मनातल्या मनात जोड्या लावता आल्या.

म्हणून तुम्हीही जोड्यांपासून सुरुवात करा. वरच्या ओळीत रियाची १२ बटणं, खालच्या ओळीत कबीरची ७, बरोबर एकाखाली एक. (आधी दोन्ही आकडे माहीत असलेलं घ्या, लपवाछपवी नंतर.) "रियाच्या किती बटणांना खाली जोडीदार नाही?" ५. "हेच ५ ने जास्त." त्याच मांडणीकडे बोट दाखवून लगेच विचारा, कबीरकडे कितीने कमी? तोच उत्तर देईल.

बटणांवर हात बसला की वहीत पट्ट्या. रियाची लांब, कबीरची आखूड, दोन्हींची डावी कड एका रेषेत, उजवीकडे जो तुकडा बाहेर येतो त्यावर ५. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून अशाच पट्ट्या काढून शिकवतात. पट्टी काढताना "लांब कोणाची?" हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायला गोष्ट वाचावीच लागते. कबीरची पट्टी आखूड काढल्यावर तिच्यावर १७ लिहायला त्याचा हात धजणार नाही.

आणखी एक. उदाहरण देताना आकड्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा. "रियाकडे काही स्टिकर आहेत. तिच्याकडे कबीरपेक्षा काही जास्त आहेत." कोण कोण आहे, कोणाकडे जास्त, काय विचारलंय, एवढं त्याच्या शब्दांत सांगून झालं की मगच चिठ्ठ्या काढायच्या. गोल करायला आकडेच नसले की मूल वाक्याकडे वळतं. तेवढा वेळ तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभ्या राहा, म्हणजे भुवया दिसणार नाहीत.

पोहेसाहेब, सराव हवाच, पण कशाचा? फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १९८० च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ जणांनी आकड्यांशी खटपट करून वय काढून दिलं. सराव त्यांचाही भरपूर झाला असणार. दिवसाला एकच घ्या, पण तेच उलटसुलट करून.

पोहे_विथ_शेव

मेंढ्यांचं आमच्या कन्येला विचारलं. तिसरीत आहे. "३६" म्हणाली. धपाट्याचा मुद्दा मागे घेतो, दहाच्या मुद्द्यावर विचार करतो.

सीवूड्सची_सई

खडूफळा सर, फारच छान प्रतिसाद. (आता कृपया कोणी २०१९ चा, एकवीसला "वीस एक" म्हणण्याचा वाद इथे उकरून काढू नका, धागा भरकटेल.)

ऐरोलीकर, तुमच्या दारातून ट्रान्स-हार्बर लोकल जाते, तिचा उपयोग करा. आम्ही घरात स्टेशनांची पट्टी लावली आहे: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. ऐरोलीहून कोपरखैरणे कितवं? लेक आधी ४ म्हणायची, कारण उभी असायची तेच स्टेशन मोजायची. बोट ठेवून उड्या मारायला लावल्यावर ३ यायला लागलं. मग उलटं: "मी ऐरोलीला बसले आणि दोन स्टेशनांनी उतरले, कुठे असेन?" ती म्हणाली, "आधी सांग, गाडी ठाण्याला चाललीय की तुर्भ्याला?" प्रश्नात माहिती अपुरी आहे हे तिचं तिने पकडलं, याचा मला बरोबर उत्तरापेक्षा जास्त आनंद झाला.

आमचे आजोबा अजून ठाण्याहून ऐरोली पहिलं स्टेशन धरतात. दिघा गाव २०२४ मध्ये सुरू झालं हे त्यांना मान्यच नाही. त्यामुळे ठाण्याहून मोजताना आजोबा-नातीच्या उत्तरांत कायम एकचा फरक पडतो आणि "कोणाचं कितीने जास्त" हा तुलनेचा सराव फुकटात होतो.

अबॅकसबद्दल कोणी सुचवायच्या आत सांगते, मोठी दोन वर्षं जात होती. तोंडी हिशोबाचा वेग जबरदस्त वाढला. शाब्दिक उदाहरणांत मात्र तीच चूक फक्त लवकर व्हायला लागली.

ऐरोलीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. बटणं नव्हती, राजमा वापरला. "जोडीदार नाही" हे त्याला इतकं आवडलं की जेवताना माझ्या आणि बाबांच्या पोळ्यांच्याही जोड्या लावून झाल्या. चिठ्ठ्या लावल्यावर आधी चिडला, "मग सोडवू काय?" म्हणाला, पण मग मान खाली घालून वाचलं. पट्ट्या मात्र अजून वेड्यावाकड्या येतात. लांब-आखूड बरोबर असतं, डावी कड जुळत नाही.

एक शंका राहिली. "रोहनकडे काही गोट्या होत्या. ५ मिळाल्या. आता १३ झाल्या. आधी किती होत्या?" यात तर गोष्ट घडतेय, तरी १८ का सांगतो? आणि शाळेत वहीत पट्ट्या काढलेल्या चालत नाहीत, बाई म्हणतात नीट विधान लिहा.

खडूफळा

गोष्ट घडतेय, पण सुरुवातच झाकलेली आहे, म्हणून अवघड. ती मागे चालवायला लावा. आता १३ आहेत, मिळालेल्या ५ परत देऊन टाक, हातात किती राहिल्या? राजम्याने करून दाखवू दे. मग पडताळा त्यानेच घ्यायचा, ८ होत्या, ५ मिळाल्या, झाल्या का १३? हाच पडताळा १८ वरही घ्यायला लावा, म्हणजे चूक तुम्हाला दाखवावी लागणार नाही.

कड जुळत नसेल तर चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक स्टिकर. शाळेच्या वहीत बाई म्हणतात तसं विधान आणि उत्तर पूर्ण वाक्यात, पट्ट्या कच्च्या कामाच्या पानावर. त्यावर बाईंशी वाद घालू नका. तक्त्याबद्दल मात्र ट्यूशनच्या बाईंशी एकदा बोला, आणि जाताना रियाचं उदाहरण बरोबर न्या.