कापलेला अर्धा तास बघा, भो

वर एका भाऊंनी लिहिलंय, दिग्दर्शक झॅक स्नायडरचं व्हिजन म्हणजे नुसता अंधार आन् स्लो मोशन. थोडं पटतं. पण २०१६ला आपण जळगावात थेटरात पाहिला तो 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' १५१ मिनिटांचा. नंतरची पूर्ण आवृत्ती १८२ मिनिटांची. आफ्रिकेतल्या हत्याकांडाचा आळ सुपरमॅनवर कसा रचून टाकला, ते त्यात नीट कळतं. क्लार्क (म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, पेशानं पत्रकार) बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या गल्ल्यांत फिरून बॅटमॅनबद्दल लोकांना विचारतो. (सुपरमॅनला पत्रकारिता करताना बघणंच दुर्मीळ!) दोघांचं वैर तिथे मुरतं. हेच कापलं, मग मारामारी उगाचची वाटणारच. 'मार्था' (दोघांच्याही आईचं नाव) ऐकून बॅटमॅन थबकतो, ते मला चाललं. आमच्या भुसावळच्या मित्राला अजून नाही. खलनायक लेक्स ल्युथर मात्र दोन्ही आवृत्त्यांत सारखाच डोक्यात जातो.