लिथियम बसवली म्हणून जुना चार्जर काढायलाच हवा का?

चाकावरची_ओसरी (धागाकर्ता):

ट्रॅव्हल ट्रेलरमधली (गाडीमागे ओढायच्या घरातली) लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेट बसवायची म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा कन्व्हर्टर बदला, सोलर पॅनेलची वीज आवरणारा सोलर कंट्रोलर बदला, गाडीकडून येणाऱ्या तारेवर डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीची वीज बॅटरीला जमेल तशी करून देणारा) टाका. नवरी एक आणि करवल्या चार!

माझं मत उलटं आहे. दोन वर्षं जुन्याच सामानावर 100 अँपिअर-तासांची लिथियम चालवतोय. हिशेब साधा आहे. आत चार सेल एकापुढे एक जोडलेले, पूर्ण चार्जला 14.2 ते 14.6 व्होल्ट लागतात. माझा जुना कन्व्हर्टर देतो 13.6, म्हणजे सेलमागे 3.4. एवढ्याने बॅटरी जास्त चार्ज होऊन बिघडण्याची भीतीच नाही. हळूहळू का होईना, 90 टक्क्यांच्या पुढे जाते. उरलेल्यासाठी जीव टाकायचं कारण नाही, कारण ही बॅटरी सतत काठोकाठ भरून ठेवली तर उलट लवकर म्हातारी होते. सोलर कंट्रोलरवर लिथियमचा पर्याय नव्हता, जेलवर (जेल प्रकारच्या लेड-ॲसिडच्या सेटिंगवर) ठेवला. तो 14.1 पर्यंत जातो, भागतं.

आधी मीटर लावून मोजा, अडलं तरच बदला. कुणाचं वेगळं मत असेल तर ऐकायला आवडेल.

तारतम्य:

वेगळं मत आहे आणि जरा लांब आहे.

"13.6 वर चालतं" हे अर्धसत्य. बीएमएसमधलं (बॅटरीच्या आतल्या, तिला सांभाळणाऱ्या सर्किटमधलं) बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणं, साधारणपणे सेल 3.45-3.5 व्होल्टच्या वर गेल्यावर सुरू होतं. तुमचा कन्व्हर्टर तिथवर पोचतच नाही. म्हणजे महिनोन् महिने बॅटरी भरतेय-रिकामी होतेय आणि चार सेलमधला फरक कुणी मिटवतच नाही. आमच्या ट्रेलरमध्ये हेच झालं. बरेच महिने 13.6 वरच होती. मग एकदा 14.4 चा चार्जर लावला आणि दहा मिनिटांत चार्जिंग बंद. ॲप उघडून बघितलं तर एक सेल 3.65 ला टेकलेला, बाकीचे तीन 3.42 वर. बेरीज करा, 14 सुद्धा होत नाही. एका सेलपायी बीएमएसने सगळ्यांना दार लावलं. कमी करंटवर, पुन्हा पुन्हा चार्ज करून ते सेल रांगेत आणायला तीन दिवस गेले.

शिवाय बॅटरी पूर्ण भरल्याची खूण कधी मिळाली नाही की शंटवरचा (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणाऱ्या मीटरवरचा) टक्केवारीचा आकडा भरकटत जातो. स्क्रीनवर 70 आणि पोटात 40.

चाकावरची_ओसरी:

@तारतम्य, पण मी सोलरचं लिहिलंय ना वर. भरपूर उन्हाच्या दिवशी 14.1 पर्यंत जाते, म्हणजे सेलमागे 3.5 च्या वर. महिन्यातून एकदा-दोनदा एवढं झालं की सेल जागेवर राहतात. बॅलन्सिंग हे काही रोजचं औषध नाही. तुमचा त्रास फक्त कन्व्हर्टरवर अवलंबून राहिल्याचा आहे.

तारतम्य:

ठीक, पण "जेलवर ठेवा" एवढंच वाचून कुणी तसंच केलं तर? जुन्या कंट्रोलरमध्ये दोन गोष्टी लपलेल्या असतात. एक, इक्वलायझेशन, म्हणजे लेड-ॲसिडचे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज. काही कंट्रोलर पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवर अधूनमधून स्वतःहून 15 व्होल्टच्या वर जातात. दोन, तापमानाची भरपाई. लेड-ॲसिडसाठी 25 अंशांपासून खाली दर अंशाला साधारण 0.03 व्होल्ट वाढवतात. 5 अंशांच्या सकाळी 20 गुणिले 0.03, म्हणजे 0.6. 14.4 चे झाले 15. बीएमएस तोडणार. दोन्ही बंद करता येत असतील तर जुना कंट्रोलर खुशाल ठेवा. येत नसतील तर तो बदलण्यात कंजुषी नको.

कुडकुडे:

थंडीचा विषय निघालाच आहे तर, शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करूच नका. सेलच्या आत लिथियम धातूचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. वापरायला हरकत नाही, भरायला आहे. सगळ्याच बीएमएसमध्ये थंडीला चार्जिंग तोडायची सोय नसते, आपल्यात आहे का ते बघून घ्या. जुन्या चार्जरला यातलं काहीच कळत नाही. (नव्यापैकीही बऱ्याच जणांना नाही.)

ओहम्_शांती:

मंडळी, व्होल्टवर भांडताय, पण आग लागते ती अँपिअरने.

लेड-ॲसिड थोडा वेळ जोरात करंट ओढते, मग तिचा आतला विरोध वाढतो आणि कन्व्हर्टरला दम मिळतो. लिथियम तसं करत नाही. माझ्याकडे 200 अँपिअर-तासांची बॅटरी, 20 टक्क्यांवर आलेली. कन्व्हर्टर 45 अँपिअरचा. तो चार तास सलग 40-42 देत बसला. असलं काम त्याच्या नशिबी कधी आलंच नव्हतं. त्याची जागा बाकाखाली, आणि बाकाखाली आमच्या गोधड्या! जाळीला चिकटून. प्लॅस्टिक तापल्याचा वास आला म्हणून फळी उचलली. कव्हरवर हात ठेववेना. पंखा फिरत होता, पण वारा गोधडीतच जिरत होता.

तेव्हा धागाकर्त्याचं "मोजा" मान्य, पण क्लॅम्प मीटरने करंट मोजा आणि हाताने उष्णता बघा. 100 च्या बॅटरीला जुना कन्व्हर्टर पुरतो म्हणून 300 च्या बँकेला पुरेल असं नाही.

पाठीवरचं_बिऱ्हाड:

माझा मुद्दा अगदीच साधा आहे, हसू नका. भिंतीवरच्या पॅनेलवर बॅटरीचे चार दिवे आहेत. लिथियम टाकल्यापासून चारही कायम पेटलेले. मी खूश! चौथ्या दिवसापर्यंत पेटलेले, मग रात्री चौथा गेला आणि थोड्याच वेळात पाण्याचा पंप, पंखा, दिवे, सगळं बंद. जुनं सामान चालतं म्हणता, तर त्यात हे पॅनेलही आलं ना?

तारतम्य:

@पाठीवरचं_बिऱ्हाड, हसण्यासारखं काहीच नाही. ते पॅनेल लेड-ॲसिडसाठी आहे, 12.7 च्या आसपास "भरलेली" म्हणतं. लिथियम 12.7 ला येते तेव्हा तळ दिसायला लागलेला असतो. मधला सगळा प्रवास 13.3 ते 13 या चिंचोळ्या पट्ट्यात होतो. शंट बसवा आणि त्या दिव्यांवर चिकटपट्टी लावा. जुन्यातलं सगळ्यात आधी निवृत्त करायचं असेल तर ते पॅनेल, कन्व्हर्टर नंतर.

चाकावरची_ओसरी:

पॅनेलचं शंभर टक्के मान्य, धाग्यात लिहायला हवं होतं.

गाडीच्या तारेबद्दल मात्र मी ठाम आहे. "लिथियम अल्टरनेटर (गाडीच्या इंजिनवर चालणारं जनित्र) जाळते" ही भीती मोटरहोमवरून उचललेली, तिथे जाड केबल असते. ट्रेलरला मिळते बारीक तार. माझी जाऊन-येऊन 14 मीटर, 2.5 चौरस मिलिमीटर तांबं. विरोध साधारण 0.1 ओहम. 10 अँपिअर वाहिले की 1 व्होल्ट वाटेतच गेला. अल्टरनेटरचे 14.2 बॅटरीपाशी 13.2 होतात, करंट आपोआप आवरला जातो. ती तार हाच माझा फुकटचा करंट लिमिटर.

ओहम्_शांती:

फुकटचा, पण उपयोगाचा किती? पाच तास गाडी चालवून 50 अँपिअर-तासही धड पडणार नाहीत. आणि गाडी थांबल्यावर काय? मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले असेल तर तो साधारण 12.8 ला सुटतो. निवांत लिथियमचं व्होल्टेजच 13.3. इंजिन बंद, तरी रिलेला वाटतं अल्टरनेटर चालूच आहे. रात्रभर तुमची लिथियम गाडीच्या बॅटरीला पाजत बसते, फ्रिज गाडीत असेल तर त्यालाही. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर तर मनाला येईल तेव्हा व्होल्टेज पाडतो, तिथे तुमची तार चार्जही करत नाही. डीसी-टू-डीसीला पर्याय नाही.

चाकावरची_ओसरी:

माझ्या गाडीत ती तार किल्लीवर आहे, इंजिन बंद की तारही बंद. रिले असणाऱ्यांना तुमचा मुद्दा लागू. महिना-महिना सोलरवर उभं राहणाऱ्याला मात्र गाडीकडून 50 आले काय आणि 20 आले काय.

असो, आज संध्याकाळी दोन्ही टोकांना मोजलं. कन्व्हर्टरच्या तोंडाशी 13.6, बॅटरीवर 13.1, करंट 31. अर्धा व्होल्ट मध्ये कोण खातंय म्हणून शोधलं तर निगेटिव्ह तारेच्या टोकावरच्या कडीचा (लगचा) नट बोटाने फिरत होता. आवळला, 13.4 झाले, करंट 38. कन्व्हर्टरचं कव्हर तासाभरात चांगलंच तापलं, हे कबूल. बाकाखालच्या चपला आणि दोऱ्या बाहेर काढल्यात. कन्व्हर्टर तिथेच आहे.

तारतम्य:

नट आवळलात ते उत्तम. अजून 0.2 जातायत. फ्यूजच्या पायावर मीटर लावा, आणि तिथलं प्लॅस्टिक पिवळं पडलंय का तेवढं बघा.